बधीरपणाची सवय होत नसते

हिंगोलीत पहाटे सायकल काढणारे आता बरेच दिसतात. त्यांच्याबरोबर एक सल्लाही गावभर फिरतो. नवा माणूस औंढ्यापर्यंत जाऊन येतो, उतरल्यावर हात झटकतो आणि म्हणतो, "करंगळीला मुंग्या आल्यात. आणि खाली तर काही कळेनासंच झालंय." गटातले जुने जाणते हसतात. "होईल सवय. आम्हालाही व्हायचं. महिनाभर काढा अंगावर." हे इतक्या आपुलकीनं आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की पुरावा कुणी मागत नाही. मी मागतो आहे. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे, काहींच्या बाबतीत घातक आहे, आणि दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली टाकून देणाऱ्या अनेकांनी ती आळसापायी टाकलेली नसते, या सल्ल्यापायी टाकलेली असते.

सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच इतका चालतो. आपण बसतो तेव्हा धडाचा भार कमरेच्या हाडांच्या खालच्या दोन गोलसर टोकांवर येतो. नव्या माणसाची ती जागा पहिले आठ-पंधरा दिवस ठणकते, पाटावर बसतानाही कळ येते. थोडं थोडं अंतर वाढवत गेलं तर तिथल्या मांसाला आणि कातडीला भार पेलायची सवय लागते, ठणका जातो. इथपर्यंत जुने लोक बरोबर आहेत. पण ठणका आणि बधीरपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि ही मंडळी दोन्हींवर एकच चिठ्ठी लिहून देतात. बधीरपणा येतो तो मज्जातंतू दाबला गेल्यामुळे, किंवा त्या भागाचं रक्त अडल्यामुळे. मांस कमावता येतं, मज्जातंतू कमावता येत नाही. तो आधी मुंग्यांनी तक्रार करतो, मग गप्प होतो. तो गप्प झाला की आपण म्हणतो, सवय झाली.

हातांचंच बघा. तळहाताच्या बुडाशी करंगळीच्या बाजूला एक उंचवटा असतो. त्याच्या आतून अल्नर नावाचा मज्जातंतू अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातो. फेलिक्स गियों या फ्रेंच शल्यविशारदानं १८६१ मध्ये या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात त्याला गियोंचंच नाव आहे. मुठीचा दाब नेमका त्या उंचवट्यावर आला की करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिरते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिरत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मनगटाच्या मधोमध जाणारा मीडियन मज्जातंतू दाबला जातो, आणि बहुतेक वेळा मनगट मागे वाकवून ब्रेक धरल्यामुळे. म्हणजे 'कोणतं बोट?' एवढा एक प्रश्न विचारला तरी सायकलीवर कुठे पाना लावायचा याचा निम्मा उलगडा होतो. पण 'होईल सवय' म्हणणाऱ्यानं हा प्रश्न कधी विचारलेला मी ऐकलेला नाही.

मुरलेल्या स्वाराला तरी सवय होते का? २००३ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ६०० किलोमीटरच्या फेरीला निघालेल्या २५ स्वारांचे हात फेरीच्या आधी आणि नंतर तपासले होते. २३ जणांच्या हातांत संवेदना कमी झाल्याचं, ताकद घटल्याचं किंवा दोन्ही झाल्याचं दिसलं. नवखे आणि जुने असा भेद त्या बधीरपणानं केला नव्हता. सवयीचा सिद्धांत खरा असता तर निदान जुन्यांचे हात तरी शाबूत निघायला हवे होते.

सवयीचा मुद्दा सुटला की लगेच आजोबा पुढे केले जातात. 'आमचे आजोबा दुधाचे कॅन लटकवून अ‍ॅटलसवर रोज गावात यायचे. त्यांना कुणी फिटिंग करून दिलं होतं?' हो, करून दिलं होतं. फक्त त्याला फिटिंग म्हणत नव्हते. ती काळी सायकल आठवून बघा. हँडल स्वाराकडे वळलेलं आणि सीटहून वर. माणूस खुर्चीत बसावा तसा ताठ, हातांवर जवळपास भारच नाही. सीट चामड्याची, रुंद, खाली जाडजूड स्प्रिंगा, आणि वापरता वापरता ते चामडं बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होत जायचं. चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंच, वेग बेताचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दुकानदाराचा पहिला प्रश्न असायचा, 'बावीसची की चोवीसची?' ते माप चाकाचं नव्हतं, सांगाड्याचं होतं. बुटक्या माणसाला बावीस, उंच माणसाला चोवीस, त्याहून लहानाला वीस. दुकानदार गिऱ्हाइकाला सायकलीवर टांग टाकायला लावायचा, आडवा दांडा आणि माणूस यांत किती जागा उरते ते डोळ्यांनी जोखायचा आणि मग सायकल द्यायचा. याला दुसरं काय म्हणतात?

आता काय होतं? गिऱ्हाईक दुकानात जातं आणि म्हणतं, 'सव्वीसची द्या' किंवा 'एकोणतीसची द्या, मोठी असते.' हे चाकाचं माप झालं. सांगाडा कोणत्या मापाचा आहे ते सीटखालच्या नळीवर चिकटवलेल्या बारीक कागदावर छापलेलं असतं, पण तो कागद ना विकणारा वाचतो ना घेणारा. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा एकाच मापाचा सांगाडा येतो आणि सव्वापाच फुटांची बाई व पावणेसहा फुटांचा पुरुष त्याच एका मापावर बसवले जातात. वर हँडल सरळसोट, सीटच्या बरोबरीला किंवा खाली, सीट अरुंद. आजोबांच्या सायकलीतून हाताला आणि बुडाला जपणाऱ्या जेवढ्या गोष्टी होत्या तेवढ्या काढून घेतल्या, आणि वर नातवालाच ऐकवायचं की तू नाजूक! अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, ऐन जागतिक सायकल दिनी, बंद पडला. सायकलीबरोबर तो 'बावीसची की चोवीसची?' हा प्रश्नही गेला, आणि माझ्या मते तो तोटा मोठा होता.

बाजारात मिळणारा उपाय म्हणजे जेलचं सीट कव्हर. विकत मिळतं, मऊ लागतं, दुकानात अंगठ्यानं दाबून पाहिलं की मन खूश होतं. ते बधीरपणा घालवत नाही, पुष्कळदा वाढवतं. चिखलात दगड ठेवला की दगड खाली जातो आणि चिखल बाजूंनी वर येतो, तसं इथे होतं. बसण्याची हाडं जेलमध्ये रुततात आणि जेल मधल्या जागेत वर येऊन नेमकं तिथे दाबतं जिथे दाबू नये. जर्मनीतल्या कोलोनच्या संशोधकांनी २००२ मध्ये चार प्रकारच्या सीटवर पुरुषांना बसवून इंद्रियातल्या प्राणवायूचा दाब मोजला. अरुंद पण भरपूर गादीच्या सीटवर तो ८२ टक्क्यांनी घटला. रुंद, बेताच्या गादीच्या आणि पुढचं टोक नसलेल्या सीटवर घट सुमारे २० टक्के होती. चारही प्रकारांत जास्त गादीची सीट सगळ्यांत वाईट ठरली. रुंदीनं आणि आकारानं जे साधतं ते मऊपणानं साधत नाही, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

रुंदी मोजायला पुण्याला जावं लागत नाही. किराणा दुकानातला नालीदार पुठ्ठा आणा, पायरीवर ठेवा, त्यावर थोडं पुढं वाकून बसा, टाचा उचला. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. ताठ बसून चालवणाऱ्याला आणखी थोडी.

आमच्याबरोबर येणारे एक शिक्षक आहेत. त्यांच्याकडे जेल कव्हर होतं, जेलचे हातमोजे होते, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनंही झाली होती. तरी औंढ्याहून परतल्यावर उजव्या हातानं शर्टाचं बटण लागत नसे, मुलीला हाक मारावी लागे. त्यांची सायकल स्टँडवर लावून बघितली तर गोष्ट उघड होती. नवी घेताना कुणीतरी सांगितलं होतं, 'गिअरच्या सायकलीला सीट उंचच लागते', म्हणून सीट वर गेली. सीट उंच, म्हणून पायडल खाली गेलं की पाय पुरेना, कंबर डावी-उजवीकडे झुलायची आणि भार सीटच्या टोकावर यायचा. तिथे बधीर व्हायला लागलं. मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, टोक खाली झुकवा. झुकवलं. आता सर दर पायडलमागे पुढं घसरायचे आणि घसरू नये म्हणून हात ताठ करून हँडलला मागं रेटत बसायचे. खालचा बधीरपणा हातात आला. त्यावर तिसऱ्यानं जाड मोजे दिले. मोज्यांनी मूठ आणखी जाड झाली, म्हणून सर ती आणखी आवळून धरू लागले. एका चुकीवर चार शहाण्यांनी चार उपाय केले होते आणि मूळ चूक कुणी बघितलीच नव्हती.

पंक्चरच्या दुकानात अर्धा तास गेला. आधी सीट दोन बोटं खाली आणली. मग सीटखालचा सहा नंबरचा बोल्ट ढिला केला, सीटवर वही आडवी ठेवली, वहीवर मोबाइल ठेवून त्यातली लेव्हल लावली आणि सीट समतल करून पुन्हा आवळली. सीट सेंटिमीटरभर मागं सरकवली. हँडलच्या वर बसवलेल्या दोन रिंगा काढून हँडलच्या खाली घातल्या, हँडल तेवढं उंच झालं. ब्रेकचे दांडे वर उभारलेले होते, ते खाली फिरवले, म्हणजे बोटं ब्रेकवर ठेवली तरी मनगट सरळ राहील. जेल कव्हर काढलं. मिस्त्री शेजारी हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "एवढंच व्हतं का सर?" एवढंच होतं. खालचा त्रास त्याच आठवड्यात गेला. करंगळीला वेळ लागला, कारण दबलेला मज्जातंतू सावकाश सावरतो. जेल कव्हर आता सरांच्या घरी स्टुलावर आहे आणि तिथे ते चांगलं काम देतं.

आता काही जण म्हणतील, हे फिटिंगबिटिंग मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांचे चोचले. कॅमेरे, लेझर, संगणक, काही हजारांचं बिल. या आक्षेपाची मला खरी गंमत वाटते, कारण तो करणारे आणि 'महागडं फिटिंग केल्याशिवाय तुमचं काही खरं नाही' असं सांगणारे विक्रेते, दोघांचंही एका गोष्टीवर एकमत असतं: साध्या माणसाला स्वतः काही जमणार नाही. दोघंही चूक. शहरातल्या फिटरकडे जाण्याची गरज असते, पण कुणाला? एक पाय आखूड असणाऱ्याला, कमरेची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला, शेकडो किलोमीटरच्या फेऱ्यांना उतरणाऱ्याला. कळमनुरीला जाऊन येणाऱ्याला गवंड्याची हत्यारं पुरतात.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर नेऊन घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ नं गुणा. हे गुणोत्तर सिरिल ग्यिमार आणि त्याचा शिष्य ग्रेग लेमाँड यांनी रूढ केलं. माप ७८ सेंटिमीटर आलं तर गुणाकार ६९ च्या आसपास येतो. क्रँक जिच्याभोवती फिरते त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवून सुरुवात करा. गुणाकार नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल पार खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा, कंबर न झुलता. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवी तेवढी वाक राहते. सीट मागं-पुढं ठरवायला ओळंबा पुरतो: क्रँक आडवी ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पायडलच्या दांड्याजवळ पडावा. ही सगळी सुरुवातीची मापं आहेत, वेदवाक्य नव्हे. एका वेळी एकच गोष्ट, पाच-सात मिलिमीटरच बदला, जुन्या जागी नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा म्हणजे परतायची वाट राहते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी पुस्तकी मापांत येत नाही. काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टाकलेल्या डांबराला काही वर्षांत लाटा येतात. गावोगावचे गतिरोधक वेगळे. हा सगळा हादरा हँडलमार्गे तळहाताच्या त्याच उंचवट्यावर येतो. आणि आपल्याकडे हवा भरताना 'टणक कर' म्हणायची पद्धत. टायरच्या कडेला हवेची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते. अंगानं बेताचा माणूस असेल तर कमालीकडे जायचं काही कारण नाही. थोडी हवा कमी, कोपर किंचित वाकलेलं, दर काही मिनिटांनी हात उचलून जागा बदललेली, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. पायाची बोटं बधिरत असतील तर आधी बुटाची नाडी सैल करा. सायकलीवर पाय फुगतो, हे दुकानात बूट घेताना लक्षात येत नाही.

भावनेचा मुद्दा मात्र चिवट आहे. संत नामदेवांची नरसी आपल्या जिल्ह्यात. नामदेवांच्या नावानं पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानपर्यंत सायकल यात्रा जाते, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. आषाढीला गावोगावहून सायकलवाऱ्या निघतात. तेव्हा म्हणतात, वारीत पायाला फोड येतात, कुणी कुरकुरतं का? भक्तीत सोसावं लागतं. वारी ज्यानं जवळून पाहिली आहे तो असं म्हणणार नाही. वारीच्या वाटेवर चपला शिवून देणारे बसलेले असतात, तेल लावून पाय चोळून देणारे असतात, फोडांवर औषध लावणारी दवाखान्यांची पथकं असतात. वारकरी चालायला सोसतो, तुटकी चप्पल सोसत नाही. ती शिवून घेतो आणि पुढं निघतो. विठ्ठलाला बधीर करंगळीचा नैवेद्य लागतो असं कोणत्या संतानं सांगितलं?

तीच गत मोठ्या शर्यतवीरांच्या दाखल्यांची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर. 'बघा, त्यांनी सोसलंच ना?' त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक, पण लांब पल्ल्याच्या शर्यतीचं जग मापांच्या बाबतीत हळवं असतं. तिथे सीट चार मिलिमीटर वर की खाली यावर वाद होतात, आणि सोबतच्या गाडीत हत्यारं घेतलेला माणूस असतो. त्यांच्या सहनशक्तीचं कौतुक करायचं आणि त्यांच्या काळजीकडे डोळेझाक करायची, ही लबाडी आहे. शिवाय ते तिघंही डॉक्टर आहेत, हेही विसरू नये.

हे सगळं बोलताना एक जागा मुद्दाम टाळली जाते. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हणच आहे. हाताच्या मुंग्यांबद्दल माणूस चहाच्या टपरीवर बोलतो, जांघेतल्या बधीरपणाबद्दल घरीही बोलत नाही. आणि 'होईल सवय' हे वाक्य तिथेच सगळ्यांत घातक ठरतं. दोन पायांच्या मधल्या जागेतून प्युडेंडल मज्जातंतू आणि त्याच्याबरोबरच्या रक्तवाहिन्या जातात. नॉर्वेतल्या ५४० किलोमीटरच्या शर्यतीतल्या हौशी स्वारांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. १६० पुरुषांपैकी ३५ जणांनी या भागाच्या तक्रारी सांगितल्या, २१ जणांना लैंगिक ताठरतेची अडचण आली आणि त्यातल्या ११ जणांची ती आठवडाभराहून जास्त टिकली. घाबरवण्यासाठी सांगत नाही. उलट अमेरिकेतल्या सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने पुढचं टोक नसलेली सीट दिली, तेव्हा बधीरपणा अजिबात न जाणवणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. २००८ मध्ये आलेला हा अभ्यास आहे. माणसं तीच, काम तेच, फक्त सीट बदलली. सवय ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

आपल्या हळदीच्या जिल्ह्यात प्रत्येक दुखण्यावर हळद असते. घासून कातडी सोलली असेल तर खुशाल लावा. बधीरपणावर तिचा उपयोग नाही, त्याला पानाच लागतो. आणि पाना लावूनही सायकलीवरून उतरल्यावर दिवसभर बधीरपणा राहिला, चिमटीत पकडलेली वस्तू पडू लागली, किंवा सायकल न चालवताही हातापायांना मुंग्या येत असतील, तर सायकलीला दोष न देता डॉक्टरांकडे जा. तिथे साखर, बी-ट्वेल्व्ह, मान, सगळं तपासण्यासारखं असतं. तेव्हा मात्र डॉक्टरांना सायकलीबद्दलही सांगा. जावई असले तरी.

बायकांच्या बाबतीत हा विषय काढायचीही चोरी. त्यांच्या बसण्याच्या हाडांमधलं अंतर सरासरीनं जास्त असतं, आणि गिअरच्या सायकलीबरोबर येणारी सीट बहुधा अरुंद. एखादीनं 'मला सायकल सोसत नाही' म्हटलं की घरातले लगेच मान डोलावतात. तिला सायकल सोसत नसते की ती सीट, हे कुणी विचारत नाही.

आणि इथे मला पहाटेचे हौशी स्वार सोडून ज्यांच्याबद्दल खरं बोलायचंय त्या मुलींकडे यावं लागतं. मानव विकास कार्यक्रमातून गावाहून शाळेला येणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना चांगली आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या वाटांवर सकाळी या मुली ओळीनं दिसतात, आणि ज्या घरांनी मुलीला आठवीनंतर घरी बसवलं असतं तिथली मुलगी सायकलीमुळे शाळेत दिसते. पण जरा थांबून त्यांचे गुडघे बघा. आठवीत सायकल घेतली तेव्हा पाय टेकावेत म्हणून सीट पार तळाशी बसवलेली, आणि दहावी-अकरावी आली तरी ती तिथेच. मुलगी वीतभर वाढली, सीट बोटभरही नाही. गुडघे छातीकडे येतात, चढावर उभं राहून रेटावं लागतं, पाठीवर दप्तराचं ओझं, त्याचा भार तळहातांवर. घरी गेल्यावर गुडघा दुखतो. आई म्हणते, होईल सवय.

या मुलींना हँडल उंच करून घ्या किंवा रुंद सीट शोधा असं सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या सायकलीला लागणारी दुरुस्ती एका पान्याची आहे: सीटची पकड ढिली करा, टाच पायडलवर ठेवून गुडघा सरळ होईल इतकी सीट वर घ्या, दांड्यावर कमाल उंचीची खूण असते तिच्या आत राहा, पुन्हा आवळा. दप्तर पाठीवरून कॅरिअरवर बांधा. एका मुलीमागे पाच मिनिटं.

मुख्याध्यापकांना आणि क्रीडा शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, गावातल्या सायकल मिस्त्रीला एका सकाळी शाळेच्या आवारात बोलवा. सायकलींची रांग लावा. ज्या गटांतून आम्ही पहाटे फिरतो त्यांनी पाने, हवेचा पंप आणि मिस्त्रीची मजुरी आपल्याकडे घ्यावी. पहिल्या शाळेसाठी माझं नाव लिहून घ्या.